बारावी मागणी

सोपानभाऊ,

तुमच्या दहाव्याला मी माईकवर बोललो. तुम्ही समोर असता तर दुसऱ्याच वाक्याला हाताने खूण केली असती, "आटप." मोशीच्या घाटावर मांडव, खुर्च्या, प्रवचन, सगळं रीतीप्रमाणे झालं. दोन माजी आणि तीन भावी नगरसेवकांनी श्रद्धांजली वाहिली. प्रत्येकाने तुम्हाला 'कामगारांचा आधारवड' म्हटलं. विशेषण लावलं की माणूस दिसेनासा होतो, असं तुम्ही म्हणायचात. पाचव्या भाषणापर्यंत तुम्ही पार दिसेनासे झाला होतात.

माझं बोलणंही धड झालं नाही. शब्द अडकले, क्रम चुकला. म्हणून आता घरी बसून लिहितो आहे, तुम्ही शिकवलेल्या क्रमाने: आधी तत्त्व, मग तक्रारी, मग निर्णय. फरक एवढाच की या खेपेला तक्रारी कंपनीविरुद्ध नाहीत, माझ्याविरुद्ध आहेत.

आपली ओळख कंपनीच्या बसमधली. मी बार्शीहून येऊन चाकणच्या कंपनीत नुकताच कायम झालो होतो, प्रेस शॉपला. तुम्ही टूलरूमचे जुने फिटर, मूळचे मोशीचेच. तुमच्या भावकीने जमिनी विकून बंगले बांधले, गळ्यात साखळ्या घातल्या, आणि तुम्ही रोज सकाळी डबा आणि एक फाटकं जाड पुस्तक घेऊन बसच्या शेवटच्या खिडकीशी बसलेले. भावकी चिडवायची, "सोपान्या, गुंठ्याला सोन्याचा भाव आलाय आन् तू लोखंड घासतोयस." तुम्ही म्हणायचात, "लोखंड घासलं की चकाकतं. तुमी सोताला घासून बघा, काय निघतंय."

पहिल्यांदा मी विचारलं होतं, "काय वाचताय?"

"म्हाईत न्हाई."

"म्हणजे?"

"कव्हर न्हाई. पयली सोळा पानं न्हाईत. नाव कुठनं कळणार? पण आत लई इस्तू हाय, राव. हात भाजतोय."

पुढे आपण त्याला 'बिनकव्हरचं' म्हणू लागलो. चिंचवडच्या एका रद्दीवाल्याकडे ते तुम्हाला मिळालं होतं. अमेरिका इंग्लंडच्या राजापासून सुटली त्या धामधुमीतली पत्रकं, भाषणं, जाहीरनामे, सगळं इंग्रजीत. तुमचं इंग्रजी मशीनच्या मॅन्युअलवर पोसलेलं. शब्दकोश घेऊन एकेका पानाशी आठवडाभर झटायचात आणि जे हाती लागलं ते बसमध्ये मला सांगायचात. मोशी ते चाकण अंतर किती ते, पण नाशिक रस्त्यावरच्या ट्रॅफिकची कृपा. त्या ट्रॅफिकने माझं शिक्षण केलं.

क्रांती म्हणजे बंदुका, एवढीच माझी समजूत होती. तुम्ही मान हलवलीत. "बंदुका मागनं आल्या, सुधाकर. आधी कागद आला. कागदानं लोकांना एवढंच इचारलं, हे असंच का? बापजाद्यांपासनं असंच हाय, हे काय कारण न्हाई. ती सवय हाय."

युरोपातल्या पंडितांनी जे जाडजूड ग्रंथांत मांडलं होतं ते तुम्ही डब्यातल्या भाकरीसारखं मोडून माझ्या हातावर ठेवायचात. बुद्धीला पटतं ते मानायचं. माणूस जन्माला येताना कुणाचा चाकर म्हणून येत नाही. हक्क कुणी दिलेले नसतात, म्हणून कुणी काढून घेऊ शकत नाही. आणि राज्य म्हणजे देवाने कुणाच्या डोक्यावर ठेवलेला मुकुट नव्हे, तो लोकांनी आपल्या मर्जीने केलेला करार आहे. 'करार' शब्दावर तुम्ही खूश व्हायचात. "करार म्हणलं की आपल्या लोकांना लगीच कळतं. तीन वर्सांनी पुन्यांदा बसावं लागतं. त्या राजानं बसायला नकार दिला, एवढंच झालं बघ."

तुमचा सगळ्यात लाडका होता तो पत्रकवाला. विलायतेत धंद्यात बुडालेला, चाळिशीकडे झुकलेला, अमेरिकेत उतरून दीड वर्षही झालेलं नाही असा माणूस. "आपल्या चाकणला आलेल्या पोरांवाणी. खिशात काय न्हाई आन् डोक्यात सगळं." त्याने विद्वत्ता पाजळली नाही. गुत्त्यात एकाने उभं राहून वाचावं आणि बाकीच्यांना कळावं, असं लिहिलं. तिथल्या लोकांना राजा म्हणजे बाप आणि विलायत म्हणजे आई वाटायची. त्याने त्यांना ताडून बघायला लावलं, की आई म्हणवते ती आईसारखी वागते का.

हे तुम्ही मला सांगितलंत त्याच वर्षी कंपनीच्या वार्षिक समारंभात मोठे साहेब म्हणाले, "कंपनी ही आपली आई आहे. आईला कुणी मागणीपत्र देतं का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पुढच्या गेट मीटिंगला तुम्ही स्टुलावर चढलात.

"सायेब म्हनले, कंपनी आपली आई हाय. ऐकून बरं वाटलं. फकस्त एक इचारायचंय. माझी आई मी घरातनं भायेर पडताना माझा डबा उघडून बघत न्हवती, की ह्यानं घरातला चमचा तर न्हेला न्हाई."

अख्खं गेट हसलं. रोज आपली झडती घेणारा वॉचमनसुद्धा तोंड फिरवून हसला. उतरताना तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "हसला त्यो मानूस अर्धा पटला. आता उरलेला अर्धा पुराव्यानं पटवायचा."

मला तुमच्यासारखं बोलता येत नव्हतं. म्हणून मला टायपिंग दिलंत, मग चिटणीस केलंत, मग सरचिटणीस. तुम्ही स्वतः कुठलंच पद घेतलं नाहीत. "पद घेतलं की मानूस वाक्य जपून लिवायला लागतो," म्हणालात. मी हसलो होतो तेव्हा.

तुमची लिहायची पद्धत टूलरूमची होती. टूलरूममध्ये भोक बरोबर पडलंय का ते बघायला दोन टोकांचं गेज असतं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तुम्ही प्रत्येक वाक्य तसं तपासायचात. "एका टोकाला सुग्रीव, दुसऱ्या टोकाला सायेब. सुग्रीवला वाक्य न अडखळता कळलं पायजे. आन् सायेबाला त्यातनं निसटता येता कामा नये."

सुग्रीव माझ्या शेजारच्या टेबलावर पत्र्याच्या कडा घासायचा. उदगीरकडचा, दहावी झालेला, कंत्राटी. तुम्हाला मामा म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही त्याला ड्रॉइंग वाचायला शिकवायचात आणि बदल्यात त्याच्यावर वाक्यं घासून घ्यायचात. तो स्पष्ट बोलायचा. "मामा, हे वाक्य लई लांब हाय. मधीच मानूस चहा पिऊन येईल." तुम्ही वाक्य तोडायचात.

आपल्याला जे होतं त्यातलं त्याला काय नव्हतं ते आपण रोज बघत होतो. कंपनीच्या बसमध्ये जागा रिकाम्या असल्या तरी कंत्राटी माणसाला चढता येत नव्हतं. तो भोसरीच्या बाजूने टेम्पोत लटकत यायचा. कँटीनमध्ये आपलं जेवण झालं की त्याची पंगत. आपल्याला बूट कंपनीचे, त्याला कंत्राटदार देईल ते. आणि मशीन तेच. पत्रा तोच. बोट कापलं तर रक्तही तेच.

आता तो वाद. आपण हजार गोष्टींवर भांडलो, पण एक भांडण दोन हिवाळे चाललं. बस चाकणच्या चौकात अडकली होती आणि तुम्ही मला सांगत होतात, की ज्या माणसाने त्यांच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला त्याने मसुद्यात आणखी एक परिच्छेद लिहिला होता, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध. राजाच्या अपराधांच्या यादीतच घातला होता. सभेत तो गाळला गेला. दक्षिणेकडच्या दोन वसाहतींना चालेना, आणि उत्तरेकडच्या काही जणांचे हातही त्या धंद्यात होतेच. सगळी माणसं समान म्हणणारा कागद त्या परिच्छेदाविना जगापुढे गेला.

मी म्हणालो, "बरोबर केलं त्यांनी. ठेवला असता तर सह्याच झाल्या नसत्या. सही नाही तर देश नाही."

"आन् ज्याच्याबद्दल त्यो परिच्छेद व्हता, त्याला कुणी इचारलं?"

"त्याचं नंतर बघता आलं असतं."

"नंतर म्हंजी किती नंतर?"

"परिस्थिती बघून."

"परिस्थिती नेहमी ज्याचं पोट भरलंय त्योच बघतो, सुधाकर."

मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, "तो लिहिणारा तरी कुठला धुतल्या तांदळाचा? त्याच्या स्वतःच्या शेतावर गुलाम होतेच ना?" तुम्ही हातातलं पुस्तक मिटलंत. मला वाटलं जिंकलो. मग हळूच म्हणालात, "व्हय. लिवणारा हात आन् राबवून घेणारा हात एकच व्हता. तरी लिवलेलं खोटं न्हवतं. तेच तर अवघड हाय."

आणि उतरताना, "गाळलेलं मरत न्हाई. दोन-तीन पिढ्यांनी घराला आग लावून वर येतं. तिकडं भावाभावांच्या लढाईत आलंच."

मी मानलं नाही. आणि मी काय केलं पाहा. तुमच्या पुस्तकातून जी गोष्ट तुम्ही मला सावध करायला सांगितलीत, तिच्यातून मी नेमकी युक्ती उचलली.

त्या वर्षीचं मागणीपत्र तुम्ही तीन रविवार बसून लिहिलंत. सुरुवातीला चार ओळी तत्त्वाच्या, मग एकेक मागणी, प्रत्येकीची सुरुवात सारख्याच शब्दांनी, म्हणजे गेटवर वाचताना ठेका बसावा. बारावी मागणी कंत्राटी कामगारांची. अशी:

"आमच्याच मशीनवर, आमच्याच पाळीत, आमच्या शेजारी उभा राहून जो आमच्याइतकंच काम करतो, तो माणूस आमच्याहून कमी माणूस नाही. बसमध्ये जागा असताना तो रस्त्यावर उभा राहतो. आमचं जेवण झाल्यावर तो जेवतो. जे आम्ही हक्क म्हणून मागतो, ते त्याला उपकार म्हणूनही मिळत नाही. त्याला आमच्याबरोबर बसू द्यावं, आमच्याबरोबर जेवू द्यावं, आणि जुना असेल त्या क्रमाने कायम करावं. हे मागितलं नाही तर बाकीचं मागायला आम्हाला तोंड नाही."

कमिटीच्या बैठकीत कुणी विरोध केला नाही. तुमच्यासमोर कोण करणार? पण बैठकीनंतर पार्किंगमध्ये मला गाठलं. "सरचिटणीस, आपलं आधी पदरात पडू द्या, राव." "ते कायम झाले तर आपला ओव्हरटाइम गेला." आणि कंपनीच्या ऑफिसातून निरोप आला, गोड आवाजात: बाकीच्यावर बसू, ती एक बारावी तेवढी बघा.

तळवड्याच्या झेरॉक्सवाल्याकडे मी एकटाच टाइप करायला बसलो होतो. अकरावी मागणी टाइप झाली. मग मी तेरावीला बारावा आकडा दिला. इतकंच केलं. मला तेव्हा अपराधी वाटलं नाही, सोपानभाऊ, हे कबूल करतो. मला मी मुत्सद्दी वाटलो. मनात म्हटलं, सही नाही तर देश नाही.

तुम्हाला सांगितलं नाही. टाइप केलेली प्रत मीटिंगच्या पाच मिनिटं आधी तुमच्या हातात दिली, म्हणजे वाचायला वेळ मिळू नये.

दुपारी तीनची पाळी सुटली. गेटसमोर आपली माणसं, आणि थोडं लांब, बसच्या शेडपाशी, कंत्राटी पोरं. त्यांना सभेला यायची परवानगी नव्हती, पण रस्त्यावर उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. सुग्रीव सगळ्यात पुढे होता, डबा छातीशी धरून. त्याला बारावी पाठ होती. तिचा शब्द न् शब्द त्याच्यावर घासून झाला होता.

तुम्ही वाचायला लागलात. प्रत्येक मागणीला टाळ्या. अकरावी झाली. पान उलटलंत. "मागणी क्रमांक बारा," म्हणालात आणि थांबलात.

मी तुमच्या पायांकडे बघत होतो. मान वर केली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात. रागाने नाही. एखादं माप चुकलं की तुम्ही जसं मशीनवरच्या जॉबकडे बघायचात, तसं: कुठं चुकलं असेल बरं? मग तुम्ही शेडकडे पाहिलंत. ती मागणी तुम्हाला तोंडपाठ होती, कागदाची गरज नव्हती. म्हटली असतीत तर सगळ्यांना कळलं असतं की सरचिटणीसाने कागद बदलला, आणि युनियन तिथेच गेटवर फुटली असती. हा हिशेब तुम्ही किती क्षणांत केलात ते मला माहीत नाही. माझ्यासाठी तो वेळ अजून संपलेला नाही.

"मागणी क्रमांक बारा. प्रत्येक कामगाराला दरमहा दोन साबण आणि सहा महिन्यांनी एक टॉवेल मिळावा."

टाळ्या झाल्या. साबणाला सगळ्यात जास्त.

बसमध्ये तुम्ही नेहमीच्या खिडकीशी बसलात, बिनकव्हरचं उघडलंत. मी शेजारी बसलो. आता बोलतील, आता बोलतील, असं मोशी येईपर्यंत वाटत राहिलं. उतरताना म्हणालात, "लई ट्रॅफिक आज."

करार झाला, गुलाल उडाला, पेढे वाटले. पुढच्या वर्षी कंत्राटदार बदलला आणि जुनी सगळी पोरं गेली. सुग्रीवही गेला. माझ्या शेजारच्या टेबलावर नवा मुलगा आला. त्याचं नाव विचारायला मला महिना लागला.

तुम्ही निवृत्त झालात. मी दर रविवारी सकाळी तुमच्याकडे यायचो. आपण किती भांडलो त्या ओसरीवर! लोक विचाराने बदलतात की गरजेने. शब्दांना धार जास्त की भुकेला. वहिनी आतून ओरडायच्या, "आरं, अमेरिका सुटून लई वर्सं झाली, आता चहा घ्या!" दर रविवारी मी ठरवून यायचो, आज सांगायचं. तुम्हाला माहीत होतं हे मला माहीत होतं, तरी माझ्या तोंडून सांगायचं होतं. आणि मी घसा खाकरला की तुम्ही म्हणायचात, "चहा गार व्हतोय." मी त्याला क्षमा समजलो. सोयीचं होतं. कधी वाटायचं, तुम्ही माझी वाट बघताय, आणि कपबशीच्या आवाजाने मागे हटणारा माणूस सांगण्याच्या लायकीचा नाही म्हणून थांबताय. यातलं खरं काय ते विचारायचं राहिलं.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तुम्हाला डोळ्यांनी वाचवेना. मला वाचायला लावलंत. माझं इंग्रजी तुमच्याहून वाईट. त्या जाहीरनाम्याखाली सगळे जण एकमेकांच्या भरवशावर सह्या करतात, ते पान होतं. मी भराभर वाचत गेलो. तुम्ही हात वर केलात.

"घाई करतोस. लोकांना श्वास घ्यायला जागा ठेव."

"इथं लोक कुठं आहेत, भाऊ? मी आणि तुम्ही."

"मग मला घेऊ दे की श्वास," म्हणालात आणि हसलात. नर्सने आपल्या दोघांकडे वेड्यांकडे बघावं तसं बघितलं. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत ऊन होतं, तुम्ही हसत होतात. नाही सांगितलं.

आता दहाव्याचं.

बारावी मागणी तुमच्या अक्षरातली, एका वेगळ्या पानावर होती. ते पान मी फेकलं नव्हतं. अकरा वर्षं पॉलिसीच्या कागदांत दडवलं होतं. त्या सकाळी खिशात घालून आणलं. कशासाठी, तेही सांगतो. पिंडदान झालं की गुपचूप इंद्रायणीत सोडायचं होतं. मला वाटलं, तुमच्याबरोबर तेही जाईल.

मागच्या रांगेत बसलो तर शेजारच्या खुर्चीवर सुग्रीव. पोट सुटलंय, कानावर पांढरे केस. मारुंजीला राहतो, आयटीवाल्या पोरांच्या खोल्यांवर टेम्पोतून पाण्याचे जार पोचवतो.

"वळखलं का, सर?"

"ओळखलं. बरं झालं आलास. भाऊंना भेटत होतास का अधूनमधून?"

"न्हाई." त्याने पायाने माती उकरली. "अकरा वर्सं बोललो न्हाई मामाशी. शेवटाला यावं वाटलं, म्हनून आलो."

"का बोलला नाहीस?"

"त्यांनीच गाळलं ना ते बारावं."

मी विचारलं, "कोण म्हणालं?"

"तेच म्हनले. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी खोलीवर आले माझ्या. म्या इचारलं, मामा, आपलं बारा कुठं गेलं? तर म्हनले, 'वाचलं मी. पान मीच उलटलं. ज्यानं पान उलटलं त्यानंच गाळलं, आसं समज.' मग बसून ऱ्हायले. म्या चहा बी दिला न्हाई, सर. पानी बी न्हाई."

सोपानभाऊ, तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्ही खरंच तसं मानत होतात, आता मला कळतं. वाचणारा थांबला आणि पुढे गेला, म्हणजे त्याचाही हात लागला. पण तुमच्या त्या वाक्याआड मी अकरा वर्षं सावलीत बसलो, आणि तुम्ही तुमचं सगळ्यात लाडकं गेज गमावलंत. प्रत्येक रविवारी माझ्यासमोर चहा पिताना हे तुमच्या पोटात होतं.

तेवढ्यात माईकवरून माझं नाव पुकारलं. भाषण लिहून आणलं होतं, त्यात 'आधारवड' हा शब्द माझ्याही कागदावर होता. तो कागद मी काढलाच नाही. दुसरं पान काढलं.

म्हणालो, हे सोपानभाऊंनी लिहिलेलं आहे, गेटवर वाचायचं राहिलं होतं, आज वाचतो. वाचलं. मग म्हणालो, हे त्यांनी गाळलं नाही. मी गाळलं, त्यांना न विचारता. त्यांनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही. पुढे बरंच काही बोललो, ते नीट आठवत नाही. कंपनी, साबण, अमेरिका, सगळं एकात एक. संयोजक शेजारी येऊन कुजबुजले, "सर, थोडक्यात घ्या, कावळ्याचं व्हायचंय अजून." कमिटीतले जुने दोघं-तिघं जमिनीकडे बघत होते. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. टाळ्या नाहीत, अर्थात; दहाव्याला वाजवत नाहीत. मला बरं वाटलं त्याचं.

खाली उतरलो तर खुर्ची रिकामी. सुग्रीव घाटाच्या खालच्या पायरीवर उभा होता, नदीकडे तोंड करून. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"लई उशीर केला तुमी, सर."

"हो."

"बारावं गाळलं ते एक येळ चाललं असतं. मामाचं आन् माझं तरी तोडायचं न्हवतं." त्याचा आवाज चढला. "मी बायकोला सांगायचो, मामा बी शेवटी परमनंटवालाच निघाला. अकरा वर्सं सांगितलं. आता कुनाकडं जाऊन म्हनू, की तसं न्हवतं?"

चुकलो म्हणणं हे त्याला उत्तर नव्हे, एवढं मला कळलं, म्हणून ते म्हणालो नाही.

त्याने हात पुढे केला. "आना ते पान."

त्याने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, त्याच्या उदगीरच्या हेलात. माझ्यापेक्षा किती चांगलं वाचलं! जिथं थांबायचं तिथं थांबला. मध्येच एका जागी बोट टेकवून ठेवलं. तिथं दोन शब्द खोडून वर तुम्ही दुसरे लिहिले होते. मी अकरा वर्षं ती खाडाखोड बघत होतो. मला वाटायचं, तुमची तुम्हीच केलेली दुरुस्ती.

"हितं 'सदर कामगार' हुतं," तो म्हणाला. "म्या म्हनलं, मामा, हा सदर कोन? मी तर सुग्रीव. 'तो मानूस' लिवा. लिवलंय बगा."

मग तो रडला. मीही.

म्हणजे ते वाक्य नुसतं त्याच्याबद्दल नव्हतं, त्याचं होतं. तुम्ही विचारायचात ना, ज्याच्याबद्दल तो परिच्छेद होता त्याला कुणी विचारलं? तुम्ही विचारलं होतंत. गाळणाऱ्याने विचारलं नाही. आपला दोन हिवाळ्यांचा वाद घाटाच्या पायरीवर संपला, आणि मी हरलो हे सांगायला तुम्ही नव्हतात.

सुग्रीवने पान घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मी परत मागितलं नाही. त्याने देऊ का विचारलं नाही. टेम्पोत जार भरलेले होते, तो गेला.

घाटावरून तुमच्या घरी गेलो. निघताना वहिनींनी मला आत बोलावलं. कपाटातून बिनकव्हरचं काढून हातात दिलं. "तुमीच न्ह्या आता. मला काय, त्यातलं ऐकून ऐकून पाठ झालंय." मग म्हणाल्या, "ते बाराव्याचं मला ठावं व्हतं, सुधाकरभावजी. पन त्यांनी सांगितलं व्हतं, त्यो सोता बोलंस्तवर आपन बोलायचं न्हाई."

म्हणजे ती क्षमा नव्हती. तुम्ही वाट बघत होतात.

तत्त्व झालं, तक्रारी झाल्या. निर्णय असा. येत्या रविवारी सकाळी, आपल्या नेहमीच्या वेळेला, मी पुस्तक घेऊन मारुंजीला जाणार आहे. त्याने ये म्हटलेलं नाही. ते पुस्तक त्याचं आहे, असं मला वाटतं. तो काय म्हणतो ते बघायचं. चहा मिळेल असं धरून चाललेलो नाही. आत बोलावलं नाही तर दारात उभं राहून ते सह्यांचं पान वाचून दाखवीन, माझ्या वाईट इंग्रजीत आणि मग मराठीत.

सावकाश वाचीन, भाऊ. श्वास घ्यायला जागा ठेवीन.